रेझिनच्या चिमुकल्या स्टेशनला गोव्याचं ऊन सोसेल असा रंग

बागेत मांडलेल्या छोट्या मॉडेल रेल्वेच्या कडेला उभा केलेला रेझिनचा, म्हणजे द्रवातून घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा हमाल वर्षभरात गुलाबी सदऱ्याचा झाला, बाकावर बोट फिरवल्यावर पांढुरकी भुकटी लागायला लागली, की गोव्यात सगळे आधी पावसाला दोष देतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात ते साहजिकच आहे. पण नीट घट्ट झालेलं रेझिन पाण्यात विरघळत नाही, कुजत नाही, गंजत नाही. त्याचं खरं नुकसान करतं ते ऊन. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण रेझिनच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडत जातात. आधी पृष्ठभाग पिवळा पडतो, मग भुसभुशीत होतो, मग हाताची बोटं, कंदिलाची कडी असे बारीक भाग टिचकीसरशी तुटतात. उन्हाने सैल केलेलं धुऊन न्यायला पाऊस मागाहून येतो.

हे ध्यानात घेतलं की रंगकामाचा हेतूच बदलतो. काचेच्या कपाटातल्या वस्तूला रंग शोभेसाठी लावायचा. बागेतल्या वस्तूच्या रंगाने आधी ऊन अडवायचं, शोभा त्यानंतर. कुठला प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), कुठली लाल छटा, शेवटचा थर कसला आणि रंगवायला कुठल्या महिन्यात बसायचं, हे सगळं यावरूनच ठरतं.

आधी मापाबद्दल थोडं. बागेतल्या रेल्वेचा रूळ बहुतेक ठिकाणी ४५ मिलिमीटर रुंदीचा असतो. १९६८ साली जर्मनीतल्या लेहमान कंपनीने एलजीबी नावाने ही गाडी बाजारात आणली आणि प्रमाण धरलं १:२२.५. एक मीटरला साडेबावीसने भागलं की चव्वेचाळीस मिलिमीटरांहून थोडं जास्त येतं, म्हणजे हे प्रमाण मीटरगेजसाठीच, एक मीटर रुंदीच्या रुळासाठीच बेतलेलं आहे. आपल्याकडे याला मोठा अर्थ आहे, कारण १८८०च्या दशकात बांधलेली मुरगाव ते कॅसलरॉक ही जुनी वाट १९९०च्या दशकापर्यंत मीटरगेजच होती. कुळ्याहून दूधसागरकडे चढणारी ती गाडी बागेत आणायची तर प्रमाणात तडजोड करावी लागत नाही. कोकण रेल्वेचा ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा, त्याला याच प्रमाणात जवळजवळ साडेसात सेंटीमीटर रुंद रूळ लागेल. साडेपाच फुटी माणसाची उंचीही अर्थात तेवढीच होते. स्टेशनावरची माणसं निवडताना हा साडेसात सेंटीमीटरचा आकडा लक्षात असू द्या. दुकानात १:२४ आणि १:२९ मापांची माणसंही याच रुळांसाठी म्हणून विकली जातात आणि शेजारी उभी केल्यावर एक थोरला, एक पोरगा दिसतो.

अंतराचाही विचार करायला हवा. बागेत आपण सहसा दोन मीटरांवरून बघतो. प्रमाणाने ते पंचेचाळीस मीटर होतात. एवढ्या लांबून खऱ्या माणसाच्या सदऱ्याचं बटण कोणाला दिसतं? टोपीखालची सावली, लुगड्याचा रंग, डोक्यावरच्या पाटीचा आकार मात्र दिसतो. मेहनत तिथेच घालावी.

आता रेझिन. या नावाखाली तीन निरनिराळे पदार्थ विकले जातात. बहुतेक तयार वस्तू पॉलियुरेथेनच्या असतात: सिलिकॉनच्या साच्यात ओतलेल्या, फिकट पिवळसर किंवा पांढऱ्या, नखाने दाबल्यास किंचित दबणाऱ्या. होड्यांच्या फायबरकामात वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन जास्त कडक, ठिसूळ आणि कापताना उग्र वासाचं. तिसरं म्हणजे थ्रीडी प्रिंटरचं, प्रकाशाने घट्ट होणारं रेझिन. त्यात तपशील अप्रतिम येतो, पण जो पदार्थ प्रकाशानेच घट्ट होतो तो उन्हात घट्ट होतच राहतो आणि शेवटी तडकतो. रोज उन्हात राहणाऱ्या वस्तूसाठी मी ओतीव पॉलियुरेथेनच निवडेन. प्रिंट केलेली वस्तू घ्यायचीच असेल तर ती आतून पोकळ आहे का ते आधी बघा. पोकळीत ओलं रेझिन राहून गेलं असेल तर ते आतूनच दाब देतं आणि काही महिन्यांनी रंगासकट चीर पडते. तळाला दोन भोकं पाडून आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचं, वाळवायचं, आत प्रकाश जाईल असं धरून घट्ट होऊ द्यायचं. ही भोकं बुजवू नका, पुढे पावसाचं पाणीही तिथूनच निघून जातं. ओलं रेझिन कातडीला लागून कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते, तेव्हा या कामाला नायट्राइलचे हातमोजे हवेतच.

ओतीव वस्तूवर तेलकट थर असतो, साच्यातून सुटावी म्हणून लावलेल्या द्रव्याचा. डोळ्यांना तो दिसत नाही आणि त्यावर कुठलाच रंग धरत नाही. रंगाचे पापुद्रे सुटण्याची निम्म्याहून जास्त कारणं मला इथेच सापडली आहेत. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन प्रत्येक घडी, प्रत्येक काख घासायची, स्वच्छ पाण्याने धुवायची आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धरायची नाही. पाणी वस्तूवर थेंबाथेंबाने गोळा न होता सगळीकडे सारखं पसरलं तर थर गेला असं समजावं.

वाकडा आलेला खांब किंवा बाक सरळ करायला गरम पाणी पुरतं. साधारण सत्तर अंशांच्या पाण्यात मिनिटभर धरलं की पॉलियुरेथेन मऊ पडतं. सरळ करून लगेच गार पाण्यात धरायचं. याच गुणाची दुसरी बाजू बागेत त्रास देते: एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या रंगाचा बारीक दिव्याचा खांब तापून आपसूक वाकतो. अशा खांबात पितळेची तार घाला, किंवा तो भाग धातूचाच करा.

साच्याच्या दोन भागांची रेघ वस्तूच्या कडेने गेलेली असते. ती धारदार चाकूने खरवडून, मग चारशे नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात बुडवून घासायची. कोरडं घासू नका, रेझिनची धूळ फुप्फुसांना वाईट. याच घासण्याने गुळगुळीत पृष्ठभागाला प्रायमर धरण्यापुरता खरखरीतपणाही येतो. हवेच्या बुडबुड्यांची छिद्रं गॅरेजवाल्यांकडच्या पुट्टीने भरावी. सुटे भाग चिकटवायला झटपट गोंदावर भरवसा ठेवू नका. ऊन-पावसाच्या फेऱ्यांत तो ठिसूळ होतो. हातात आणि खांद्यात एकेक मिलिमीटरचं भोक पाडून पितळेच्या तारेचा तुकडा बसवायचा आणि दोन भागांचं एपॉक्सी लावायचं. तार लोखंडाची नको. वास्को किंवा कोलव्यासारख्या किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत ती रंगाच्या आतूनच गंजते आणि तपकिरी ओघळ बाहेर येतो.

प्रायमर म्हणून गाड्यांच्या रंगकामातला करडा सरफेसर उत्तम. वस्तूच्या तळाला आधी एक फवारा मारून दिवसभर थांबा. रेझिन चिकट झालं नाही, तरच पुढे जा. वीस-पंचवीस सेंटीमीटरांवरून पातळ थर, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा. करडा रंग चढला की राहून गेलेल्या सगळ्या रेघा आणि छिद्रं ठळक दिसतात. तेव्हा पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. कंटाळवाणं असलं तरी हे काम टाळता येत नाही.

इथवरचं सगळं जगात कुठेही सारखंच. गोव्यात वेगळं पडतं ते हवेमुळे. फवाऱ्यातला थिनर उडून जाताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग थंड पडतो, आणि हवेत बाष्प भरलेलं असेल तर ते ओल्या रंगावरच दव होऊन बसतं. रंग पांढुरका, धुरकट वाळतो. औद्योगिक रंगकामात नियम आहे की पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं त्या तापमानापेक्षा, किमान तीन अंश गरम असावा. हवामानाच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये दवबिंदू दिसतो. जुलैत आपल्याकडे तापमान सत्तावीसच्या आसपास आणि दवबिंदू पंचवीसच्या घरात, म्हणजे नियम पाळणंच अशक्य. जानेवारीच्या दुपारी हाच फरक दहा अंशांहून जास्त असतो. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला रंगवायचा हंगाम, आणि वेळ सकाळी दहा ते दुपारी तीन.

तीननंतर का नको? सत्तरी, सांगे, फोंड्याकडच्या बागांत थंडीच्या दिवसांत रात्री चांगलंच दव पडतं. पाण्यात मिसळायचे अ‍ॅक्रिलिक रंग हाताला कोरडे लागले तरी आत पूर्ण घट्ट झालेले नसतात. संध्याकाळी रंगवलेल्या वस्तूवर रात्री दव बसलं की रंगातली साबणासारखी द्रव्यं वर खेचली जातात आणि सकाळी चकचकीत, चिकट ओघळ दिसतात. रंगवलेली वस्तू रात्री घरात घ्या आणि शेवटचा थर झाल्यावर किमान आठवडाभर तरी बागेत नेऊ नका.

पावसाळ्यात रिकामे बसवत नसेल तर धुणं, घासणं, पुट्टी, तारा बसवणं ही कामं तेव्हा उरकावीत. ब्रशने अ‍ॅक्रिलिकही लावता येतं, फक्त दोन थरांमध्ये दुप्पट वेळ द्यावा लागतो. फवारा मात्र ठेवून द्या.

आता रंगाची निवड. मला या कामात सर्वांत जास्त रस इथे आहे. रंगाच्या डब्यावरचं नाव, चेरी रेड किंवा लेमन यलो, उपयोगाचं नाही. चित्रकारांच्या चांगल्या अ‍ॅक्रिलिक ट्यूबवर मागे बारीक अक्षरांत पीआर, पीवाय, पीबी असं काहीतरी आणि पुढे आकडा छापलेला असतो. ती रंगद्रव्याची खरी ओळख. पीआर १०१ म्हणजे तांबडं लोह-ऑक्साइड, पीवाय ४२ म्हणजे पिवळं लोह-ऑक्साइड, पीबीआर ७ म्हणजे अंबर आणि सिएना या माती. पांढऱ्यात पीडब्ल्यू ६, काळ्यात पीबीके ७, निळ्यात पीबी १५, हिरव्यात पीजी ७. एवढ्या रंगांवर बाहेरचं जवळजवळ सगळं काम भागतं, कारण ही द्रव्यं उन्हाला दाद देत नाहीत. लोह-ऑक्साइड तर अतिनील किरण स्वतः शोषून खालच्या रेझिनला वाचवतं. आपल्या चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तांबडेपणा याच लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणूनच पिढ्यान् पिढ्या ऊन खाऊनही चिऱ्याची भिंत फिकी पडत नाही. बागेतल्या स्टेशनसाठी लाल निवडताना याहून मोठा दाखला नको.

भडक लाल आणि भडक पिवळा मात्र खरी अडचण करतात. हे रंग बहुतेक सेंद्रिय द्रव्यांचे असतात आणि त्यांतले स्वस्त प्रकार एका उन्हाळ्यात उडतात. पोस्टर कलर आणि चमकणारे फ्लुरोसंट रंग तर बागेत नकोच. हमालाचा लाल सदरा आणि स्टेशनच्या नावाची पिवळी पाटी ही मात्र हवीच. यावरची माझी पद्धत अशी: सदऱ्याला खाली पीआर १०१ चे दोन दाट थर, पाटीला खाली पीवाय ४२ चे, आणि वर भडक रंगाचा एकच पातळ थर. वरचा थर वर्ष-दोन वर्षांत उडाला तरी सदरा विटकरी आणि पाटी मातकट पिवळी होते, दोन्ही खऱ्या स्टेशनावर शोभतात. तोवर खालचा थर रेझिनला सांभाळत असतो. पिवळा रंग मुळात पारदर्शक. करड्या प्रायमरवर थेट लावला तर हिरवट दिसतो, तीही अडचण खालच्या थराने सुटते. पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलवरच्या टोपलीवर निळं प्लास्टिक अंथरलेलं दाखवायचं तर पीबी १५ आणि पांढरा. हा निळा वर्षानुवर्षं तसाच राहतो.

मोठ्या वस्तूंना, म्हणजे फलाट, गोदाम, गडगा (दगडी कुंपण) यांना ट्यूबचा रंग परवडत नाही. तिथे घराच्या बाहेरच्या भिंतीचा इमल्शन वापरा, लहानात लहान डबा घेऊन. दुकानदाराकडून विटकरी, मातकट, करड्या छटा मागाव्यात. त्या सहसा ऑक्साइडच्याच असतात.

गडग्याचा विषय निघालाच आहे, तर चिरा कसा रंगवायचा ते नीट सांगतो, कारण परदेशी पद्धतीने विटांसारखा एकसारखा लाल मारला की तो चिरा वाटतच नाही. खरा चिरा फूट-सव्वा फूट लांब, प्रमाणात चौदा ते सतरा मिलिमीटर. त्याला छिद्रं असतात, तेव्हा या वस्तूवरचे बुडबुडे भरू नका, ते इथे कामाचे आहेत. आधी सगळीकडे अंबर आणि काळ्याचा गडद थर, छिद्रांच्या आत पोचेल असा. तो वाळल्यावर सपाट ब्रशवर पीआर १०१ घेऊन कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि पृष्ठभागावरून अलगद फिरवायचा, म्हणजे उंचवटे तांबडे होतात आणि छिद्रं काळी राहतात. मग काही चिऱ्यांवर पिवळं ऑक्साइड, एखाद्यावर जांभळट झाक. शेजारशेजारचे दोन चिरे एका रंगाचे नकोत. नुकता काढलेला चिरा उजळ असतो आणि हवेत राहून काळवंडतो, म्हणून जुन्या गोदामाला काळपट, नव्या कुंपणाला उजळ. दर्जा भरलेली, म्हणजे सांधे लिंपलेली भिंत असेल तर चिऱ्यांमधल्या रेघांत फिकट करडा, पण स्वच्छ पांढरा नको. जमिनीलगतच्या दोन सेंटीमीटरांत तांबडी माती उडाल्याचा पातळ हात द्या. पहिल्या पावसात निसर्ग तोच हात पुन्हा देणार आहे, आणि मग दोन्ही एकात एक मिसळून जातात.

माणसांचे चेहरे बघून बरेच जण हात आखडता घेतात. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी एखाद्या चित्रशाळेत जाऊन मूर्तिकारांचं काम बघा: अंगाचे मोठे रंग आधी, वस्त्रं नंतर, डोळ्यांची आखणी शेवटी. इथेही तोच क्रम. कातडीसाठी सिएना, पिवळं ऑक्साइड आणि थोडा पांढरा. तिन्ही टिकाऊ, आणि आपल्या माणसांचे सगळे वर्ण यात बसतात. मासळीवाली, इंजिनवाला, शाळकरी मुलं यांच्यासाठी प्रमाण कमी-जास्त करा. सगळ्यांची कातडी एका डब्यातली नको. घड्यांमधली सावली आणायला अंबर रंग ताकासारखा पातळ करून सोडायचा, तो आपोआप खोलगट भागात जमतो. कपाटातल्या वस्तूला देतात तेवढी गडद सावली मात्र देऊ नका, कारण बागेत खरं ऊन खरी सावली पाडतंच. टोपीखाली, हनुवटीखाली, पाटीखाली पुरे. डोळ्यांतलं पांढरं आणि बुबुळ वेगवेगळं काढण्याच्या फंदात पडू नये. पंचेचाळीस मीटरांवरून दिसतो तो डोळ्याच्या खोबणीतला गडद ठिपका, आणि तेवढ्याने चेहरा जिवंत होतो.

शेवटचा थर पारदर्शक (क्लिअर), मॅट म्हणजे बिनचमकीचा आणि अतिनील किरण रोखणारा. मॅट क्लिअरमध्ये सिलिकाची बारीक पूड असते. ती तळाला बसते, म्हणून डबा दोन-तीन मिनिटं हलवल्याशिवाय मारू नका. एकदम जाड थर मारला की हीच पूड गडद रंगावर दुधाळ दिसते. दोन पातळ थर घ्यावेत. गॅरेजमध्ये हार्डनर घालून मारतात तो पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर सर्वांत टिकाऊ, पण त्यातलं आयसोसायनेट श्वासात जाणं धोक्याचं आणि साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. तो हवा असेल तर सगळ्या वस्तू एका फळीवर चिकटवून फवाऱ्याची खोली असलेल्या गॅरेजात न्या, स्वतः घरी करू नका.

मांडताना प्रत्येक वस्तू मातीत न रोवता चिऱ्याच्या किंवा कडप्प्याच्या तुकड्यावर बसवा, म्हणजे तळाशी पाणी साचत नाही. माडाखालच्या सावलीत ऊन कमी लागतं पण शेवाळ लवकर धरतं, मॅट पृष्ठभागावर तर जास्तच. मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने ते निघतं, ब्लीच नको.

थंड देशांत लोक हिवाळ्यात वस्तू आत घेतात, तशी आपण माणसं आणि बारीक सामान जूनच्या सुरुवातीला आत घ्यावं. फलाट आणि गडगे राहू द्यात. ऑक्टोबरात बाहेर काढताना गोड्या पाण्याने धुवा, म्हणजे मीठ निघून जातं. वाळल्यावर काळ्या कापडाने पुसून बघा. कापडाला भुकटी लागली तर क्लिअर संपत आला आहे. आठशेच्या वॉटर पेपरने हलकं घासून, जिथे प्रायमर किंवा रेझिन उघडं पडलं असेल तिथे आधी त्याच रंगाचा हात द्या, दोन दिवस वाळू द्या, आणि मगच नवा मॅट थर मारा. उघड्या रेझिनवर नुसता क्लिअर मारला तर तो एका उन्हाळ्यात तिथूनच सुटायला लागतो.